रिकामी दिसणारी सिरिंज

बुडबुडेबाई हे नाव त्यांना कुणी दिलं ते आता कुणालाच आठवत नाही, पण ज्याने दिलं त्याने बरोबर दिलं. रक्तवाहिन्यांचे फोटो काढायच्या खोलीत बाई एकोणतीस वर्षं तंत्रज्ञ आहेत. रक्तवाहिनी नुसत्या एक्स-रेत दिसत नाही. तिच्यात डाय सोडावा लागतो, म्हणजे आयोडीनचं पाण्यासारखं स्वच्छ पण चांगलंच घट्ट औषध, आणि ते पुढे जात असताना भराभर फोटो घ्यावे लागतात. डाय सिरिंजमध्ये भरायचा, सिरिंजचं तोंड वर करायचं, नखाने दोन टिचक्या मारायच्या, बुडबुडा वर आला की दट्ट्या किंचित दाबून त्याला बाहेर काढायचा. हे सगळेच करतात. बाई मात्र एवढं करून पुन्हा सिरिंज उजेडाकडे धरायच्या आणि पुन्हा टिचक्या. डॉक्टर बिचारे हातमोजे घालून ताटकळत उभे. "बाई, आज होईल ना?" असं कुणी विचारलंच, तर म्हणायच्या, "घाई असेल तर तुम्ही व्हा पुढे, मी बुडबुड्याला घेऊन येते मागून."

यामागे एक गोष्ट होती, आणि ती त्या कुणाला सांगत नसत. नोकरीच्या पहिल्याच वर्षी नळीतून एक बुडबुडा सरकत जाताना त्यांनी पाहिला होता. मसुराच्या दाण्याएवढा. सिरिंज भरणारे वरिष्ठ शेजारीच उभे होते, त्यांनीही पाहिला. दोघांची नजरानजर झाली आणि दोघांनीही मूग गिळले. मेंदूच्या रक्तवाहिन्यांचं काम होतं ते. टेबलावरच्या शिक्षिकेची वाचा गेली आणि अकराव्या दिवशी परत आली. असं का झालं ते कुणाला कळलं नाही, म्हणजे या दोघांनाच काय ते कळलं. वरिष्ठ पुढे निवृत्त झाले, वारलेही. बाईंच्या पोटात मात्र ते अकरा दिवस तसेच पडून राहिले.

अशा बाईंच्या खोलीत एक नवे डॉक्टर आले आणि म्हणाले, "आपण पायाच्या रक्तवाहिन्यांत गॅस सोडून बघू या."

बाईंना वाटलं, पोरगा थट्टा करतोय. तो थट्टा करत नव्हता. गॅस म्हणजे कार्बन डायऑक्साइड, आपण श्वासातून बाहेर टाकतो तोच. आयोडीनच्या डायचा भार मूत्रपिंडांवर पडतो. ती आधीच थकलेली असली तर कायमची बसू शकतात. गॅसचं तसं नाही. तो रक्तात बघता बघता विरघळतो आणि फुप्फुसांतून बाहेर पडतो. हवा मात्र विरघळत नाही, अडकून बसते, म्हणून हवेचा बुडबुडा वाईट. डॉक्टरांनी कागदावर चित्रं काढून हे समजावलं. बाईंना समजलंही. पण आयुष्यभर ज्याला बाहेर हाकललं, त्यालाच आता साठ साठ मिलीने आत सोडायचं म्हटल्यावर माणूस बिचकणारच.

मग चार महिने तुलना चालली. मूत्रपिंडं धडधाकट असलेले आणि स्वखुशीने तयार झालेले रुग्ण घ्यायचे, आणि त्यांच्या एकाच पायाचे दोन संच काढायचे, एक डायचा, एक गॅसचा. दोन डॉक्टर वेगवेगळ्या खोल्यांत बसून त्यांना गुण देत. गॅस नवे डॉक्टर स्वतः भरत. बाई डाय भरत आणि वही सांभाळत. वहीत त्या एक गोष्ट आपल्या मनाने लिहीत, जी कुणी मागितली नव्हती. मांडीपासून घोट्यापर्यंत पोहोचायला गॅसला किती सेकंद लागले आणि डायला किती. असे एकोणीस पाय झाले. मांडीत दोघं बरोबरीत सुटले, गुडघ्याखाली डाय पुढे गेला. गॅस पोटरीत उतरला की त्याचे तुकडे पडत, आणि घोट्यापाशी तर रक्तवाहिनीच तुटली आहे की नुसता गॅस तुटला आहे, हे सांगता येत नसे.

"माझ्या लेखी हे चित्र कच्चं," बाईंनी निकाल देऊन टाकला.

"तुमचा बुडबुड्यांवर जुना राग आहे, बाई," डॉक्टर हसून म्हणाले. होताच मुळी.

विसावा पाय निघाला त्यांच्या थोरल्या जाऊबाईंचा.

आता या जाऊबाईंबद्दल सांगायला हवं. बाई लग्न होऊन घरात आल्या, त्याच्या तिसऱ्या आठवड्यात फडताळातला काचेचा जग फुटलेला सापडला. निळ्या काठाचा, जाऊबाईंना त्यांच्या आईने दिलेला. खापर नव्या सुनेच्या डोक्यावर फुटलं. "मी नाही फोडला," असं बाईंनी महिनाभर सांगून पाहिलं, मग नाद सोडला. तेव्हापासून घरात काहीही सांडो, तुटो, हरवो, जाऊबाई म्हणणार, "जग फोडणारीला विचारा." सव्वीस वर्षं हे चाललं होतं. दोघी एका घरात राहत, एका ओट्यावर काम करत, एकमेकींच्या तापात एकमेकींच्या उशाशी बसत, आणि जग काही मधून हलत नसे.

जाऊबाईंना जुना मधुमेह. डाव्या पायाचा अंगठा काळा पडला, मग शेजारचं बोट. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, मांडीखालची रक्तवाहिनी बुजली आहे. खाली पावलापर्यंत एखादी तरी वाट उघडी असेल तर आतून बारीक फुगा फुगवून अडथळा मोकळा करू आणि पाय वाचेल. वाट नसेल तर गुडघ्याखाली कापावा लागेल. आणि ती वाट आहे की नाही, हे फोटोशिवाय कळणार नाही. घोडं अडलं होतं मूत्रपिंडांपाशी. दोन्ही मिळून जेमतेम पाचव्या हिश्शाने चालत होती.

जाऊबाईंचे यजमान शेवटची चार वर्षं डायलिसिसवर होते. आठवड्यातून तीन वेळा त्या त्यांच्याबरोबर जायच्या, चार चार तास त्या यंत्राशेजारच्या स्टुलावर बसायच्या. त्यामुळे त्यांनी डॉक्टरांना तिथल्या तिथे सांगून टाकलं. "पाय गेला तर कुबडी घेईन. त्या यंत्रावर मी जाणार नाही. ह्यांचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलंय. आधीच सांगते, नंतर कुणी माझ्या हातापाया पडू नका."

मग बाईंकडे वळून म्हणाल्या, "त्या खोलीत तू असशील ना?"

"घरच्यांचं काम घरच्यांनी करू नये म्हणतात," बाई म्हणाल्या.

"जग फोडलास तेव्हा घरचीच होतीस. तू असशील तर येते, नाहीतर हा पाय घेऊन घरी बसते."

ठरलं ते असं: फोटो गॅसने काढायचे. अगदीच इलाज नसेल तर डाय. पण डाय किती, यावर सगळं होतं. नेहमीसारखा द्यायचा म्हटला तर पंचवीस-तीस मिली लागणार होता, आणि तेवढा ही मूत्रपिंडं सोसतील असं कुणी छातीठोकपणे सांगेना.

सकाळी साडेनऊला जाऊबाईंना टेबलावर घेतलं. खोली नेहमीसारखी गार. बाईंनी शिशाचा एप्रन चढवला, वर निर्जंतुक गाऊन, हातमोजे. रोजचंच सगळं. गाऊनच्या नाड्या सिस्टरांनी मागून बांधल्या.

गॅसची पिशवी डॉक्टरांनी स्वतः सिलिंडरवरून तीनदा भरली, तीनदा पिळून रिकामी केली, म्हणजे आतली हवा निघून जावी. चौथ्यांदा भरलेली ती कामाची. पिशवीपासून नळी, नळीला थ्री-वे म्हणजे तीन वाटांची छोटी प्लास्टिकची चावी, चावीला सिरिंज. सगळं बंद. कुठेही खोलीतल्या हवेला शिरकाव नाही. पहिल्या गॅसला मांडी स्वच्छ दिसली. दुसऱ्याला गुडघ्याच्या वर रक्तवाहिनी एकदम थांबली, भिंतीला धडकावी तशी. त्याखाली काय आहे ते दिसायच्या आत जाऊबाईंच्या पोटरीत गोळा आला, पाय उडाला आणि मांडीतून रक्तवाहिनीत घातलेली बारीक नळी, म्हणजे कॅथेटर, मागे सरकलं. डॉक्टरांनी दोन्ही हातांनी ते धरून ठेवलं.

"अजून एकच प्रयत्न करू," ते म्हणाले. "नाहीतर डाय देऊन मोकळे होऊ. कॅथेटर फार वेळ असं ठेवता येणार नाही. बाई, माझे हात अडकलेत. ही सिरिंज तुम्ही भरा."

एकोणीस पायांत बाईंनी गॅसची सिरिंज एकदाही भरली नव्हती. पाहिली मात्र प्रत्येक वेळी होती. त्यांनी चावी पिशवीकडे फिरवली, दट्ट्या ओढला, सिरिंज भरली.

"संपलं का गं?" चादरीआडून जाऊबाईंनी विचारलं.

"थोडं राहिलंय. पाय हलवू नका," बाई त्यांच्याकडे बघत म्हणाल्या.

आणि त्या एवढं बोलेपर्यंत हातांनी आपलं काम उरकून टाकलं. एकोणतीस वर्षांच्या सवयीचे हात ते. सिरिंज चावीवरून काढली, तोंड वर केलं, नखाने दोन टिचक्या मारल्या, दट्ट्या किंचित दाबला आणि सिरिंज परत जागेवर बसवली. नख प्लास्टिकवर वाजलं, तो आवाज बाईंच्या कानावर पडला तेव्हा कुठे त्यांना कळलं की आपण काय केलं.

गॅसमधून बुडबुडा काढायला निघाल्या होत्या त्या. सिरिंज खोलीत उघडी झाली होती. चावी तर पिशवीकडे उघडीच राहिलेली, म्हणजे नुसती सिरिंजच नाही, नळीही संशयात, पिशवीही. बाईंनी सिरिंजकडे पाहिलं. ती रिकामी दिसत होती. आत नुसता गॅस असता तरी ती अशीच दिसली असती, आणि निम्मी हवा असती तरी अशीच. उजेडाकडे धरून उपयोग नव्हता.

कुणी पाहिलं नव्हतं. डॉक्टरांचे डोळे पडद्यावर होते, सिस्टर रक्तदाबाचा आकडा लिहीत होत्या.

"द्या," डॉक्टर म्हणाले.

हवा गेली असेल, नसेलही. गेली असली आणि ती त्या पायात उतरली, तर पावलाकडे जाणारी जी काही शेवटची बारीक वाट असेल ती बुजणार, आणि पाय आपल्या हाताने घालवल्यासारखं होणार. आणि बोललं तर? बोललं तर पिशवी पुन्हा तीनदा भरायची, तीनदा पिळायची, दहा मिनिटं गेली. डॉक्टर थांबले नाहीत तर डाय देतील, तीस मिली, आणि मग ते यंत्र आणि ते स्टूल. दोन्हीकडून जाऊबाईच मरत होत्या. शिक्षिकेच्या वेळी बुडबुडा निदान आधीच नळीतून पुढे गेला होता, इथे सिरिंज अजून हातातच होती. बाईंना वरिष्ठांची ती नजर आठवली, आणि इतक्या वर्षांनी त्यांना त्या माणसाचा भयंकर संताप आला, आणि स्वतःचाही.

"थांबा," त्या म्हणाल्या. "ही नाही द्यायची. मी सवयीने सिरिंज काढली आणि टिचक्या मारल्या. यात हवा गेली असेल."

डॉक्टरांनी पडद्यावरून मान वळवली.

"किती वेळ उघडी होती?"

"दोन टिचक्या."

डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "तेवढ्यात कदाचित काही गेलंही नसेल."

ही पळवाट होती, आणि चांगल्या मनाने दिलेली होती. बाईंना ती घ्यावीशी वाटली, खोटं कशाला बोला.

"कदाचित," त्या म्हणाल्या. "पण या पायात कदाचित नको. सगळं काढून नव्याने भरते."

"दहा मिनिटं जातील. आणि त्यांचा पाय स्थिर राहायला हवा. तो राहणार नसेल तर मला आत्ताच डाय द्यावा लागेल."

तेवढ्यात चादरीआडून आवाज आला. "राहील." सगळे विसरलेच होते की जाऊबाई जाग्या आहेत आणि त्यांचे कान शाबूत आहेत. "पाय माझा आहे, मी बघते त्याच्याकडे. तू नीट भर."

सिस्टरांनी जाऊबाईंचा गुडघा दोन्ही हातांनी धरला. बाईंनी सिरिंज फेकली, नळी फेकली, नवी पिशवी सिलिंडरला लावली. एकदा भरली, पिळली. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा. या वेळी त्यांनी डोळे हातांवरून हलवले नाहीत. हातांवर त्यांचा भरवसाच उरला नव्हता. टेबलावर जाऊबाई दात आवळून पडल्या होत्या. त्यांची पोटरी चादरीखाली आपोआप उडत होती, पण गुडघा जागचा हलला नाही. दहाची झाली बारा मिनिटं. डॉक्टरांनी दोनदा घड्याळाकडे पाहिलं.

पाय उशीवर उंच केला, कारण गॅस रक्तापेक्षा हलका, तो वर चढतो. चावी फिरली. पडद्यावर बुजलेल्या जागेच्या बाजूबाजूने गॅस खाली झिरपला, आणि नडगीच्या कडेने एक बारीक रेघ उतरू लागली. बाई मनात सेकंद मोजत होत्या. रेघ घोट्यापर्यंत आली आणि तिचे मण्यांसारखे तुकडे पडले. पुढे काही नाही.

"तुटली," डॉक्टर म्हणाले.

"रक्तवाहिनी तुटली की गॅस?"

"तेच तर." त्यांनी कपाळ दंडाला पुसलं. "आता डायशिवाय सांगता येणार नाही. रक्तवाहिनी तुटलेली असेल तर फुग्याचा उपयोग नाही, आणि नसेल तर मी उगाच पाय कापायला पाठवतोय."

"सहा मिली," बाई म्हणाल्या. "तीन डाय, तीन सलाइन."

"एवढ्यात काय दिसणार? एक क्षणभर दिसेल आणि जाईल."

"तो क्षण मी सांगते. गॅस आत्ता सात सेकंदांत घोट्याला पोहोचला. डायला त्याच्या दुपटीहून थोडा कमी वेळ लागतो. एकोणीस पायांचे सेकंद आहेत माझ्या वहीत, एकाही पायाने दगा दिलेला नाही. तेरा सेकंदांना फोटो सुरू करा, चारच घ्या. त्याहून जास्त वेळ त्यांना पाय धरवणार नाही."

डॉक्टरांनी बाईंकडे असं पाहिलं, जणू खोलीत आत्ताच कुणीतरी नवीन आलं आहे. मग म्हणाले, "भरा."

बाईंनी डाय भरला. सिरिंजचं तोंड वर केलं आणि टिचक्या मारल्या. डायला त्या लागतातच. डाय आत गेला, बाईंनी मोठ्याने आकडे म्हणायला सुरुवात केली. तेराला डॉक्टरांनी पेडल दाबलं.

पहिल्या फोटोत काही नव्हतं. दुसऱ्यात घोट्याजवळ पुसट काहीतरी. तिसऱ्यात केसाएवढी बारीक, अखंड, काळी रेघ घोटा ओलांडून पावलात उतरलेली. चौथ्यात पुन्हा काही नाही.

डॉक्टरांनी तिसरा फोटो पडद्यावर ठेवला आणि फुगा मागवला. अडथळा मोकळा व्हायला पाऊण तास लागला. दुपारी काळी पडलेली दोन बोटं काढली. पाय राहिला.

पण मूत्रपिंडांचा हिशेब अजून बाकी होता, आणि तो तीन दिवसांशिवाय लागत नाही. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं थकली की रक्तात वाढणारा आकडा, आधी तीन पूर्णांक दोन होतं. दुसऱ्या दिवशी तीन पूर्णांक सहा आलं. त्या कामावर येत, सिरिंजा भरत, आणि जेवणाच्या सुट्टीत वॉर्डात जाऊन लघवीच्या पिशवीवरचे आकडे वाचत. वहीत विसाव्या पायापुढे त्यांनी सगळं लिहिलं. कोणता डाय, किती, किती सेकंद. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: गॅसची सिरिंज माझ्या हातून दोन टिचक्या उघडी राहिली, फेकली. खाली सही केली.

तिसऱ्या दिवशी दुपारी कागद आला. तीन पूर्णांक तीन. आकडा खाली वळला होता. बाईंनी तो दोनदा वाचला, मग सिस्टरांकडून वाचून घेतला, आणि वॉर्डात गेल्या.

जाऊबाई उशीला टेकून बसल्या होत्या. कागदावर बाईंचं बोट फिरलं तिथे त्यांनी पाहिलं, मान हलवली. बाईंनी पांघरूण बाजूला करून घोट्याच्या पुढे दोन बोटं टेकवली. नाडी लागत होती.

"त्या दिवशी तू बोलली नसतीस, तर डॉक्टरांना कळलं असतं?" जाऊबाईंनी विचारलं.

"नाही."

"मला?"

"कुणालाच नाही."

जाऊबाई खिडकीकडे बघत म्हणाल्या, "जग मी फोडला होता."

बाईंची बोटं नाडीवरच राहिली.

"धुताना हातातून सुटला. आईची वस्तू. सासूबाई काय म्हणतील या भीतीने तुकडे फडताळात मागे सारले. तू नवीन होतीस, तुझ्यावर सहज बसलं. आज बोलू, उद्या बोलू म्हणत राहिले, आणि मग तर काय, माझंच मला खरं वाटायला लागलं."

"सव्वीस वर्षं," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही, पण डोळे भरून आले, रागाने आणि आणखी कशाकशाने. "सव्वीस वर्षं तुम्ही मला त्या जगावरून बोललात. मला तुमचा इतका राग आलाय, जाऊबाई, की काय करू ते कळत नाहीये."

"येऊ दे. यायलाच हवा."

बाईंनी डोळे मनगटाने पुसले आणि पायाखालची उशी सारखी केली. "आधी बऱ्या व्हा. घरी या. मग मी तुमच्याशी चांगली कडकडून भांडणार आहे."

"भांड," जाऊबाई म्हणाल्या. "दोन्ही पायांवर उभी राहून ऐकून घेईन."